घुबडमाळची नर्स

हैदराबादेतल्या मलकपेठच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथ कोण वाचणार, हा प्रश्न गेल्या वीस-एकवीस वर्षांत कुणी विचारलेला नाही. देवरावच वाचणार. पोस्टातून सॉर्टर म्हणून रिटायर झालेला हा बासष्ट वर्षांचा माणूस पांढरा सदरा घालून समोर बसतो, रुमालाने चष्मा पुसतो आणि जे छापलंय ते वाचतो. त्यात काना बदलायचा नाही, मात्रा गाळायची नाही. एका वर्षी नव्या प्रतीत छापणाऱ्याच्या गलथानपणाने एकच ओळ लागोपाठ दोनदा आली होती. देवरावांनी ती दोनदा वाचली. नंतर कुणी विचारलं तर म्हणाले, "माझं काम वाचायचं. दुरुस्त करायचं नाही." पोस्टातही त्यांचं असंच होतं. पाकिटावर जो पत्ता असेल त्याच खणात पाकीट जायचं.

तर अशा या माणसाने स्वतःच्या बायकोला एक कादंबरी चांगली सहा भाग खोटी वाचून दाखवली होती. अठ्ठावीस वर्षं ही चोरी पचली होती. आता ती उघडी पडायच्या बेतात होती आणि देवरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

कादंबरीचं नाव 'घुबडमाळ'. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांचं निम्मं आयुष्य वाया गेलं, असं देवरावांच्या बायकोचं, म्हणजे रेणुकाचं, स्पष्ट मत आहे. एक ओसाड माळ, माळावर घुबडं, आणि घुबडांच्या मधोमध जहागीरदारांचं एकोणीस खोल्यांचं घर. एकोणीसपैकी पाच खोल्या कायम कुलपात. घरात तीन बायका केलेले आबासाहेब आणि त्यांची बिनलग्नाची बहीण आक्कासाहेब. हिच्या कमरेला किल्ल्या आणि पोटात विष. दुधात काहीबाही कालवणं, मृत्युपत्रं बदलणं, मेलेला भाऊ अमावास्येला परत येणं आणि पुढच्या भागात तो मुळात मेलाच नव्हता असं निघणं, हे सगळं चारशे-चारशे पानांच्या सात भागांत चाललेलं. प्रत्येक भागाच्या शेवटी घराला आग लागते आणि पुढच्या भागाच्या पहिल्या पानावर घर आपलं जागच्या जागी उभं. इतक्या आगी लागून खोल्या एकोणीसच कशा राहतात, असं देवरावांनी एकदा विचारलं होतं. "तुम्ही वाचा हो," असं उत्तर मिळालं.

रेणुका स्वतः वाचत नसे, ऐकत असे. तिचा जन्म हैदराबादचा, शाळा तेलुगू माध्यमाची. देवनागरीशी ओळख हिंदीच्या पेपरात पास होण्यापुरती. दुकानाची पाटी वाचेल, लग्नपत्रिकेवरचं नाव वाचेल, पण जोडाक्षर आलं की अडेल. शिवाय हात कुठे रिकामे होते? ती घरी ब्लाउज शिवायची. रोज संध्याकाळी सहा वाजता मशीन बंद व्हायचं, हूक लावणं आणि हातशिलाई सुरू व्हायची, आणि देवराव समोर खुर्ची ओढून घुबडमाळ उघडायचे. सगळे भाग त्यांनी नांदेडच्या बसस्टँडवरच्या स्टॉलवरून आणलेले, गावी जायच्या प्रत्येक खेपेला एक. सातवा भाग संपला की पुन्हा पहिला. असे पाच फेरे झाले होते.

एवढं काय आवडतं तुला त्यात, असं शेजारणींनी विचारलं तर रेणुका सुई तोंडात धरून हसायची. "माझ्या आज्याला असल्या घरांच्या ओसरीवर चढू देत नव्हते. मी रोज त्यांच्या माजघरात बसते. आणि बसून बघते काय, तर एकमेकांच्या दुधात विष घालायलेत!" यात तिला जे समाधान मिळत असे ते खोटं कशाला सांगा, देवरावांनाही मिळत असे.

आता चोरीकडे येऊ.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी विशाखा गेली. पाच वर्षांची होती. ताप आला, सहा दिवस राहिला आणि सातव्या दिवशी तिला घेऊन गेला. रेणुका रडली नाही. आलेल्या बायकांनी तिला रडवायचा खूप प्रयत्न केला, तरी नाही. ती मशीनवर बसली आणि शिवत राहिली. बोलणं थांबलं. मीठ संपलंय, दार लावा, एवढंच. देवरावांना काय करावं ते कळेना. ते तरी कुठे रडले होते? पोस्टात जात होते, पाकिटं खणात टाकत होते. घरातली शांतता सोसेना म्हणून एका संध्याकाळी त्यांनी नांदेडहून आणून ठेवलेला घुबडमाळचा पहिला भाग उघडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, घरात कुणीतरी बोलावं म्हणून. नवव्या दिवशी, आबासाहेबांची धाकटी बायको किल्ल्या चोरून बंद खोलीच्या दाराशी पोचली तिथे देवराव पाणी प्यायला थांबले, तर मशीनपाशी बसलेली रेणुका म्हणाली, "मग पुढं?"

चार महिन्यांत ते तिचं पहिलं मनापासून उच्चारलेलं वाक्य होतं. देवरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पाणी तसंच ठेवलं.

दुसऱ्या भागात कुमुद आली. धाकट्या बायकोची मुलगी, सात वर्षांची, बडबडी, सगळ्या बंद दारांना कान लावणारी. रेणुकाला ती एवढी आवडली की कुमुदचं प्रकरण असलं की ती सुई खाली ठेवून ऐके. पान दोनशे बारावर आक्कासाहेबांनी कुमुदला धान्याच्या पेवात ढकललं आणि वरून झाकण सरकवलं. देवराव वाचत होते. सॉर्टरचा डोळा तोंडाच्या चार ओळी पुढे पळतो. तसा तो पळाला, आणि चार ओळींच्या पुढे काय आहे ते त्यांनी पाहिलं. वर मान केली तर रेणुका त्यांच्याकडे बघत होती, ओठ किंचित उघडे.

"आणि तेवढ्यात," देवराव म्हणाले, "गया मोलकरणीने पेवातून आलेली हाक ऐकली, धावत जाऊन झाकण काढलं, आणि पोरीला वर ओढलं."

पुस्तकात असं काही नव्हतं. पुस्तकात गया पेवाकडे थेट दुसऱ्या दिवशी सकाळी गेली होती.

एक माणूस जिवंत ठेवणं सोपं. त्याला पुढचे पाच भाग पोसणं किती कठीण, हे देवरावांना तिसऱ्या भागात कळलं. कारण लेखिकेने कुमुदला मारून मोकळं सोडलं नव्हतं, तिचं भूत केलं होतं. तिसऱ्या भागापासून पांढऱ्या कपड्यांतली कुमुद एकोणीस खोल्यांतून हिंडते, कण्हणाऱ्या माणसांच्या उशाशी येऊन उभी राहते आणि तिला पाहून लोक किंचाळतात. देवरावांनी आठवडाभर डोकं खाजवलं आणि मग तोडगा काढला. कुमुदला त्यांनी शिकायला वसतिगृहात पाठवली, मॅट्रिक करवली आणि नर्स केली. पांढऱ्या कपड्यांचा प्रश्न मिटला. माणसं आजारी असली की ती उशाशी येते, हेही जुळलं. बंद दारातून आत येते? तिच्याकडे किल्ली आहे. लोक किंचाळतात? अहो, त्या घरात कधी कुणी हात धुतले नव्हते आणि ही पोरगी येऊन सगळ्यांना खडसावते. किंचाळतील नाही तर काय? सहाव्या भागात भुताचा गार हात आबासाहेबांच्या दंडाला लागतो आणि ते थरथरतात. तिथे देवरावांनी इंजेक्शन दिलं.

अशा रीतीने जिथे जिथे पुस्तकात कुमुदचं भूत यायचं, तिथे तिथे सुट्टीवर घरी आलेली सिस्टर कुमुद येऊ लागली. पाचव्या भागात त्यांनी तिचं साध्या पद्धतीने, पांढऱ्या साडीत लग्नही लावून दिलं. रेणुकाने त्या दिवशी खीर केली होती.

मधल्या काळात संकटं आली नाहीत असं नाही. टीव्हीवर घुबडमाळची मराठी मालिका आली, पण यांच्या केबलवाल्याकडे मराठी चॅनल नव्हतं, आणि ते घ्यायला रेणुकाने तीनदा पाठवूनही देवरावांना केबलवाला तीनदा सापडला नाही. नांदेडला नाटक लागलं तेव्हा तिकिटं संपली होती. निदान देवरावांनी तरी तसं सांगितलं. आणि धाकटी लेक पिंकी? ती मराठी नीट बोलतसुद्धा नव्हती तर पुस्तक कुठून वाचणार? पिंकी बारावी झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा रेणुकाने एका वाक्यात सोडवला. "कुमुदसारखी नर्स होऊ दे." पिंकी आता मलकपेठच्याच एका मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे.

आणि मग गेल्या महिन्यात मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवर घुबडमाळची वेबसिरीज येणार अशी बातमी आली. ड्युटीवरून आलेल्या पिंकीने फोन आईसमोर धरला. "मम्मी, ये देख, गुबाद मॉल करके कुछ है, तुम्हारा वही बुक है क्या?"

रेणुकाने मशीन थांबवलं. पडद्यावर माळ दिसला, घर दिसलं, घुबडं जरा जास्तच दिसली. शेवटी लांब बोळातून पांढऱ्या कपड्यांतली, केस सोडलेली एक मुलगी पुढे पुढे येऊ लागली.

"ही आपली कुमुद!" रेणुका हरखली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण ड्युटीवर केस मोकळे? मेट्रन कशी चालवून घेते?"

"हमारे इधर तो नेट लगाना पडता," पिंकी म्हणाली. "नै तो मेमो."

"आणि पाय दिसनात तिचे."

"साडी लांब आहे," देवराव म्हणाले आणि त्यांना ठसका लागला.

त्यात भर म्हणून मृण्मयी आली. ही पुण्याची, आयटीतली, बरकतपुऱ्यात राहणारी. ब्लाउज शिवायला आली होती. ब्लाउज कसला हवा, तर आक्कासाहेबांसारखा, कोपरापर्यंत बाह्यांचा. रेणुकाने तिच्याकडे पाहिलं, तिने रेणुकाकडे, आणि पुढचा पाऊण तास माप घ्यायचं राहूनच गेलं. हैदराबादेत घुबडमाळच्या चाहत्यांचा एक गट आहे, 'घुबडमाळकर' नावाचा, हे तेव्हा कळलं. सिरीज आली की येत्या रविवारी सगळे सकाळी अकराला मृण्मयीच्या घरी जमून मोठ्या पडद्यावर पाहणार होते.

"काकू, तुम्ही पाच वेळा ऐकलंय म्हणजे तुम्ही आमच्यात सगळ्यात सीनियर. सिरीज लावायच्या आधी तुमच्या आवडत्या पात्रावर दोन शब्द बोलाल? काका, तुम्ही पण यायचंच."

रेणुका आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती. ती लाजली, नाही म्हणाली, मग हो म्हणाली.

त्या आठवड्यात या प्रामाणिक माणसाने जेवढे उद्योग केले तेवढे अडतीस वर्षांच्या नोकरीत केले नसतील. वायफायची वायर काढून कपाटामागे टाकली, पिंकीने ती एका मिनिटात लावली आणि विचारलं, "पप्पा, तुम्ही कायकू परेशान होके बैठे?" शुक्रवारी ते म्हणाले, रविवारी नांदेडला जाऊ, आत्याची तब्येत बरी नाही.

"आत्या मागच्या वर्षी वारल्या," रेणुका म्हणाली. "तुम्हीच गेला होता मातीला."

देवरावांनी नांदेडचा विषय सोडून दिला. रेणुका आरशासमोर भाषणाची तयारी करत होती. तिला असं आनंदाने बावरलेलं त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांना आणखी वाईट वाटत होतं. चार माणसांत तिचं हसं होणार आणि त्याला कारण आपण, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आधीच सांगून टाकावं म्हणून त्यांनी शनिवारी दोनदा तोंड उघडलं. एकदा तिने त्यांना सुईत दोरा ओवायला दिला आणि दुसऱ्यांदा जांभळी साडी चांगली दिसेल का ते विचारलं.

मृण्मयीच्या घरी चौदा माणसं होती. त्यातल्या पाच बायकांनी आक्कासाहेबांच्या थाटात कमरेला किल्ल्यांचे जुडगे लावले होते. एकीच्या जुडग्यात स्कूटीची किल्लीही होती. मृण्मयीचा नवरा अविनाश याला घुबडमाळमधलं ओ की ठो माहीत नव्हतं, म्हणून पोहे त्याच्याकडे होते. पडदा लावलेला, खिडक्या झाकलेल्या. देवरावांना मागे खुर्ची मिळाली. पिशवीत रेणुकाने दुसरा भाग बरोबर आणला होता. लागलाच तर असावा म्हणून.

रेणुका उभी राहिली. आवाज आधी कापला, मग लागला.

"माझी आवडती कुमुद. कामून सांगते. त्या घरात सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. ही एकटी तिथून बाहेर पडली. शिकली. नर्स झाली. आणि ज्यांनी तिला मारायला बघितलं, त्यांच्याच उशाशी येऊन बसली. सहाव्या भागात आबासाहेबांना इंजेक्शन देते ना, तेव्हा तिचा हात जराबी हलत नाही. मी माझ्या पोरीला तिच्यामुळंच नर्स केलं."

टाळ्या वाजायला हव्या होत्या. त्याऐवजी किल्लीवाल्या एका बाईने दुसरीकडे पाहिलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवायला गेलं.

"काकू," मृण्मयी हळूच म्हणाली, "कुमुद तर लहानपणीच जाते ना? दुसऱ्या भागात, पेवात? नंतर येतं ते तिचं भूत असतं."

"भूत?" रेणुका हसली. "तुम्ही दुसरं काही वाचलं असेल. अहो, द्या बरं वाचून यांना." तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि माणसांच्या डोक्यांवरून मागे पाठवलं. "आमचे मिस्टर विहारात ग्रंथ वाचतात. काना-मात्रा सोडत नाहीत."

पुस्तक हातोहात देवरावांकडे आलं. सगळे मागे वळले. मृण्मयीच्या मांडीवर तिची स्वतःची प्रत होती, पण तिने ती उघडली नाही, आणि त्याबद्दल देवराव तिचे कायमचे ऋणी राहिले.

त्यांच्याकडे एक उत्तर गुरुवारपासून तयार होतं. आमची आवृत्ती वेगळी आहे, जुनी आहे, असं म्हणायचं. रेणुकाचा विश्वास बसला असता. बाकीचे गालात हसले असते आणि रेणुका पुढच्या रविवारीही येऊन सिस्टर कुमुदबद्दल बोलली असती, आणि तिच्यामागे ते तिला हसत राहिले असते. समोर ती हातांची घडी घालून उभी होती, आता बघाच म्हणून.

त्यांनी चष्मा पुसला. पान दोनशे बारा आपोआपच उघडलं. ते उभे राहिले आणि वाचू लागले.

"आक्कासाहेबांनी झाकण सरकवले आणि त्या माजघरात निघून गेल्या. गया सकाळी धान्य काढावयास आली. तिने झाकण दूर केले आणि कंदील आत सोडला..."

इथे ते थांबले. अख्ख्या मलकपेठला ज्यांचा न अडखळणारा आवाज माहीत होता ते देवराव पुढची ओळ वाचू शकेनात.

"रेणुका," ते म्हणाले, "छापलंय वेगळं. मी तुला वेगळं वाचलं."

"म्हणजे?"

"गयाला हाक ऐकू आली नव्हती. ते माझं होतं. पुढचं सगळंच माझं होतं."

कुणी हसलं नाही. अविनाशला प्रसंग काय तो कळला नव्हता, तरी माणूस जात्याच शहाणा. त्याने पोह्यांचा ट्रे आत आणला आणि ज्याच्या-त्याच्या हातात प्लेट दिली. रेणुकाने तिची घेतली, खाल्ली नाही, तशीच खाली ठेवली आणि पिशवी उचलली.

घरी पिंकीने सगळं ऐकलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मतलब मै भूत को देखके नर्स बनी क्या?" ती एकटीच हसली आणि मग आईचा चेहरा पाहून चहा टाकायला आत गेली.

तीन दिवस घरात मीठ, दार आणि चहा एवढेच शब्द होते. देवरावांना ही शांतता ओळखीची होती आणि तिची भीती वाटत होती. संध्याकाळी सहाला ते सवयीने खुर्ची ओढायचे आणि परत जागेवर ठेवायचे.

बुधवारी सकाळी पिंकी ड्युटीवर गेल्यावर रेणुकाने कात्री खाली ठेवली.

"तुम्ही खोटं वाचलं याचा राग नाही मला. पण मला रडू का दिलं नाही?"

"तू रडली असतीस म्हणूनच तर..."

"तेच म्हणते! विशाखा गेली तेव्हा रडू आलं नाही. घशातच अडकलं. कुमुद गेली असती तर त्या निमित्तानं आलं असतं. ते बी तुम्ही येऊ दिलं नाही. मला सोसणार नाही असं तुम्हीच ठरवलं. मला विचारलं का?"

देवरावांनी विचारलं नव्हतं. विशाखाचं नाव या घरात किती वर्षांनी मोठ्याने उच्चारलं गेलं, याचा हिशोब त्यांना लागेना. ते उठले, फळीवरून दुसरा भाग घेतला. "आता वाचतो. जसं आहे तसं."

"नको," रेणुका म्हणाली. "तुमच्या वाचण्यावर माझा भरवसा राहिला नाही."

हे त्यांना लागलं, आणि लागणारच होतं. रेणुकाने पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, दाराजवळ उजेडात बसली, पान दोनशे बारा काढलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ती अक्षराला अक्षर जोडत वाचू लागली. झा, क, ण. झाकण. एक ओळ व्हायला मिनिट लागत होतं. देवरावांना ते पान पाठ होतं, तरी त्यांनी जीभ दाताखाली धरून ठेवली. मध्येच ती अडली.

"हे काय हाय? निश्..."

"निश्चेष्ट."

"म्हणजे?"

"हालत नसलेली."

ती पुढे वाचत गेली. पान संपायला अर्धा तास लागला. शेवटच्या ओळीवर बोट तसंच राहिलं आणि मग ती रडू लागली, आधी आवाज न करता आणि नंतर मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. देवराव तिच्याजवळ खाली फरशीवर जाऊन बसले. बसल्यावर त्यांनाही आवरलं नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून जे करायला हवं होतं ते त्यांनी त्या सकाळी केलं.

बऱ्याच वेळाने रेणुकाने पदराने तोंड पुसलं. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि अर्धवट राहिलेला ब्लाउज मांडीवर ओढला.

"हे त्यांचं झालं," ती म्हणाली. "आता तुमचीवाली सांगा. रिटायर झाली का नाही अजून?"

"रिटायर कुठली? तेहतीस तर वर्षांची आहे," देवराव म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पुस्तकातली कुमुद इंग्रज असताना जन्मलेली. ती आज नव्वदीला टेकली असती. तेहतीस वर्षांची विशाखा असती. इतकी वर्षं ते कुणाचं वय मोजत आले होते ते त्यांनी रेणुकाला कधी सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

रेणुकाचा हात थांबला. मग तिने सुई उजेडात धरली.

"जुलैत चौतीसची होईल," ती म्हणाली. "सांगा. आज कुठली ड्युटी हाय तिची?"